न हंसणारी मयसभा

ज्या शीळफाट्यावर आमचें सध्यां बिऱ्हाड आहे, त्याचें नांव आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं वाहतुकीच्या बातम्यांतच ऐकिलें असेल. कल्याणकडून, मुंब्र्याकडून, महाप्याकडून आणि पनवेलकडून येणारे रस्ते येथें एकमेकांस भेटतात. आणि भेटल्यावर, जुन्या स्नेह्यांप्रमाणें, बराच वेळ एकमेकांस सोडीत नाहींत. फाटा म्हणजे वाट फुटण्याची जागा. अमुक वाट धरावी, तमुक सोडावी, हें मुलांना सांगण्यांत आमचीं छत्तीस वर्षें गेलीं; आणि सेवानिवृत्तीनंतर चिरंजिवांच्या नोकरीमुळें राहावयास यावें तें अशा फाट्यावर, हा योग आम्हांस नेहमींच गमतीचा वाटत आला आहे. आतां तर येथें जमिनीखालूनही वाट निघत आहे. वांद्रे-कुर्ला संकुलापासून शीळफाट्यापर्यंत २१ किलोमीटरच्या आगगाडीच्या बोगद्याचें काम चाललें असून त्यांपैकीं सुमारें ७ किलोमीटर ठाण्याच्या खाडीखालून जातात. म्हणजे जेथें रस्ता डोळ्यांस दिसतो तेथें पुढें सरकतां येत नाहीं, आणि जेथें दिसत नाहीं तेथून माणसें भरधांव जाणार. हें विषयांतर आहे असें कोणी समजूं नये; आजचा आमचा विषय जवळजवळ हाच आहे.

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत एके दुपारीं सूनबाई आमच्या खोलींत आली आणि म्हणाली, "बाबा, तुम्हीच त्याला चार शब्द सांगा. माझें तो ऐकत नाहीं. दोन तास झाले, संगणकापुढून हललेला नाहीं." आमचा नातू यंदां नववींत गेला आहे. चार शब्द सांगण्याची संवय आम्हांस जन्माची. तेव्हां आम्ही तत्काळ उठलों. संगणकावरील खेळ म्हणजे एकतर बंदुकीचा धडधडाट, नाहीं तर पैशांची पैज, अशी आमची समजूत होती, आणि त्या समजुतीस अनुरूप असे शब्दही आम्हीं वाटेंतच जुळवून ठेविले होते.

प्रत्यक्ष पाहिलें तें निराळेंच. पडद्यावर चित्रकलेच्या कागदासारख्या शुभ्र भिंती होत्या. कडा काळ्या रेघांनीं आंखलेल्या. मधूनच एखाद्या कोपऱ्यांत हिरवा किंवा तांबडा रंग भडकपणें ओतलेला. माणूस कोठेंच दिसेना.

"यांत मारामारी कोठें आहे?" आम्हीं विचारलें.

"मारायचें कोणालाच नसतें, आजोबा. नुसती वाट शोधायची."

"मग सांपडली का?"

"नाहीं ना! हे दोन जिने बघा. तांबड्यानें वर गेलों तरी येथेंच येतों, निळ्यानें खालीं गेलों तरी येथेंच. तुम्ही बसा ना जरा."

आम्ही खुर्ची ओढून बसलों. जुळवून आणलेले शब्द तोंडांतच राहिले. नातवानें तांबडा जिना चढून पाहिला, निळा उतरून पाहिला, पुन्हां चढून पाहिला. दर वेळीं तो त्याच दोन जिन्यांपुढें येऊन उभा. दहा मिनिटांनीं कंटाळून तो मागें फिरला, आणि काय आश्चर्य! ज्या बोळांतून तो आला होता तो बोळच तेथें नव्हता. त्या जागीं नवी वाट उघडली होती.

या खेळाचें नांव 'अँटिचेंबर'. मोठ्या दालनाच्या अलीकडे, भेटीस आलेल्यानें थांबण्यासाठीं जी खोली असते तिला इंग्रजींत अँटेचेंबर म्हणतात. खेळाच्या कर्त्यानें त्या शब्दांतील एकच अक्षर बदलून 'पूर्वी'च्या ठिकाणीं 'विरुद्ध' असा अर्थ आणिला आहे. खोली, पण खोलीच्या धर्माविरुद्ध वागणारी. असल्या खेळांस 'फर्स्ट-पर्सन' म्हणजे प्रथमपुरुषी म्हणतात, असें नातवानें आम्हांस सांगितलें. येथें आमच्यांतील संस्कृताचा मास्तर जागा झाला. मराठी व्याकरणांत 'मी' हा प्रथमपुरुष. परंतु पाणिनीय परंपरेंत 'तो' हा प्रथमपुरुष, 'तूं' हा मध्यमपुरुष, आणि 'मी' हा उत्तमपुरुष. या खेळांत खेळणाराचे हातपाय दिसत नाहींत, चेहरा दिसत नाहीं. त्याला जें दिसतें तेवढेंच पडद्यावर असतें. पाहणारा आहे, पण तो पाहिला जात नाहीं. तेव्हां यास उत्तमपुरुषी खेळ म्हणावें, ही आमची सूचना. नातवानें ती हंसून मान्य केली.

हा खेळ ज्यानें रचिला तो अलेक्झांडर ब्रूस नांवाचा ऑस्ट्रेलियन तरुण. मोठ्या कंपनीच्या आश्रयावांचून, एकट्यानें अथवा मूठभर माणसांनीं केलेल्या खेळास 'इंडी' म्हणजे स्वतंत्र खेळ म्हणतात. त्या जातीचा हा आहे. गंमत अशी कीं, याचा जन्म 'अनरियल टूर्नामेंट' नांवाच्या गोळीबाराच्या खेळांत फेरफार करतां करतां झाला. आरंभीं त्याचें नांव 'हॅझर्ड : द जर्नी ऑफ लाइफ' असें होतें, आणि त्या नांवानें तो २००९ सालीं टोकियो येथें 'सेन्स ऑफ वंडर नाइट' या कार्यक्रमांत दाखविला गेला. पुढें नांव बदललें, रूप बदललें, २०१२ सालीं स्वतंत्र खेळांच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवांत तांत्रिक कौशल्याचें पारितोषिक त्यास मिळालें, आणि ता. ३१ जानेवारी २०१३ रोजीं तो विक्रीस आला. सुमारें सात वर्षांचें हें काम. संगीत सिद्धार्थ बार्नहोर्न या डच संगीतकाराचें आहे. डच मनुष्याचें नांव सिद्धार्थ, हें ऐकून आमच्या कुटुंबास खेळापेक्षां त्याचेंच अधिक कौतुक वाटलें.

आतां या घराची रचना कशी, तें थोडक्यांत सांगतों. एखाद्यानें सारख्या अंतरानें चार वेळां उजवीकडे काटकोनांत वळावें, म्हणजे तो निघाल्या जागीं परत येतो. हें युक्लिडपासून आपल्या वाड्याच्या चौकापर्यंत सर्वांस ठाऊक आहे. या खेळांत चार वळणांनंतर माणूस भलतीकडेच निघतो. एका दालनांत कांचेच्या पेट्या मांडल्या आहेत. एका बाजूनें डोकावलें तर आंत एक वस्तु, दुसऱ्या बाजूनें त्याच पेटींत डोकावलें तर निराळीच. या प्रकारास पुष्कळजण 'युक्लिडेतर भूमिति' म्हणतात, पण तें थोडें ढिलाईचें बोलणें आहे. लोबाचेव्हस्कीनें १८२९ सालीं, बोल्याईनें १८३२ सालीं जी भूमिति मांडली आणि रीमाननें १८५४ सालीं आपल्या व्याख्यानांत जिचा विस्तार केला, तिच्यांत अवकाशच मुळीं वांकडा असतो. येथें तसें नाहीं. येथील प्रत्येक खोली स्वतंत्रपणें पाहिल्यास युक्लिडाच्या आज्ञेंतली आहे. फक्त एका खोलीचें दार दुसऱ्या कोणत्या खोलीस जोडावयाचें, तें यंत्र आपली पाठ वळतांच बदलून टाकतें. हॉलंडचा चित्रकार एशर याचें १९६० सालचें चित्र पुष्कळांनीं पाहिलें असेल. त्यांत चौकोनी जिन्यावरून माणसें सारखीं चढतच असतात आणि वर कधींच पोहोंचत नाहींत. त्या जिन्याची कल्पना पेनरोझ पितापुत्रांनीं १९५८ सालीं एका लेखांत मांडली होती. एशरचा जिना आपण बाहेरून पाहतों. येथें त्यावर चढावें लागतें, एवढाच भेद.

हें सर्व पाहत असतां आमच्या मनांत एकच गोष्ट घोळत होती, आणि ती वाचकांच्याही मनांत आली असेल: सभापर्वांतील मयसभा. राजसूय यज्ञानंतर दुर्योधन पांडवांची ती सभा पाहत हिंडूं लागला. स्फटिकाची जमीन पाहून त्यास पाणी वाटलें आणि त्यानें वस्त्रें आंवरलीं. पुढें खरें पाणी होतें तेथें जमीन समजून तो पडला. स्फटिकाच्या भिंतीस दार समजून त्यानें कपाळ आपटून घेतलें. आणि उघड्या दाराशीं, तें बंद असेल या भयानें, तो अडखळून उभा राहिला. अगदीं हीच गत पडद्यावर आमच्या नातवाची होत होती. वाटेंत एक दरी लागली. दरीवर ठळक अक्षरांत 'उडी मार' अशा अर्थाचा शब्द लटकत होता. नातवानें आज्ञाधारकपणें उडी मारली आणि तो थेट खालीं गेला. पुढें कळलें कीं, त्या ठिकाणीं उडी न मारतां सावकाश चालत गेल्यास पावलाखालीं जमीन आपोआप होत जाते.

परंतु मयसभा आणि ही सभा यांत एक मोठा भेद आम्हांस दिसला, आणि त्यासाठींच हा लेख लिहिण्याचें आम्हीं मनावर घेतलें. मयसभेंत दुर्योधन पडला, आणि भीम हंसला, अर्जुन हंसला, नकुलसहदेव हंसले, सेवकही हंसले. द्रौपदीच्या तोंडीं आंधळ्याच्या पुत्राविषयींचा जो टोमणा आपल्या कीर्तनांतून आणि नाटकांतून घातला जातो, तो पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें सिद्ध केलेल्या चिकित्सित आवृत्तीच्या मूळ संहितेंत नाहीं. पण तेथेंही हंसणें आहेच. दुर्योधन घरीं गेला तो तें हंसें उराशीं धरून, आणि पुढें द्यूताचा फांसा पडला. पाण्यांत पडल्यानें कुळें बुडत नाहींत; पडलेल्याला पाहून चारचौघे हंसल्यानें बुडतात. या खेळांत मात्र आमचा नातू दरींत पडला तेव्हां कोणीही हंसलें नाहीं. तो मेला नाहीं, त्याचे गुण कापले गेले नाहींत, 'पुन्हां पहिल्यापासून' अशी शिक्षाही झाली नाहीं. खालीं एक नवा बोळ होता, आणि त्या बोळाच्या भिंतीवर एक छोटी पाटी. तिचा भावार्थ एवढाच कीं, पडलास खरा, पण थांबला नाहींस.

अशा शंभराहून अधिक पाट्या या घरांत जागोजाग लाविलेल्या आहेत. प्रत्येकीवर एक रेखाचित्र आणि एक वाक्य. खेळाचें स्वागत कसें झालें हें आम्हीं नातवाकडून समजून घेतलें, तेव्हां या पाट्यांवरूनच परीक्षकांत दोन तट पडल्याचें दिसलें. एकंदरींत स्वागत उत्तम झालें. निरनिराळ्या परीक्षकांच्या गुणांची सरासरी शंभरांत ऐंशीच्या वर गेली. आक्षेप मुख्यतः तीन आले. पहिला असा कीं, मध्यंतरीं खेळणाराच्या हातीं एक बंदुकीसारखें यंत्र येतें, ज्यांतून गोळीऐवजीं रंगीत ठोकळे निघतात. आणि तें आल्यावर आरंभींचा अचंबा ओसरून ठोकळे मांडण्याचीं नेहमींचीं कोडींच उरतात. दुसरा असा कीं, शेवट फार संदिग्ध आहे. इतकी पायपीट करून हातीं काय आलें, तें कळत नाहीं. तिसरा आक्षेप पाट्यांवर. कित्येकांस त्यांत जीवनाचें मर्म दिसलें, तर कित्येकांनीं त्यांस दिनदर्शिकेच्या मागील बाजूस छापावयाचीं गुळगुळीत वाक्यें ठरविलें.

पहिल्या आक्षेपांत आम्हांस तथ्य दिसतें. नातवाच्या शेजारीं पुढेंही कांहीं दिवस बसलों, तेव्हां ठोकळ्यांच्या भागांत आम्हांस दोनदां डुलकी लागली. दुसऱ्याविषयीं आमचें मत असें कीं, ज्या घरांत परतीची वाटच बदलते, त्याचा शेवट उंबरठ्यावर तोरण बांधून व्हावा ही अपेक्षाच चूक. तिसऱ्या आक्षेपास मात्र उत्तर देण्याचा अधिकार आम्हांस आहे. कारण सुभाषितें हा आमचा जन्माचा धंदा.

तीं वाक्यें नुसतीं कागदावर उतरून वाचलीं तर खरोखरच सामान्य आहेत. परंतु सुभाषिताचें मोल त्याच्या शब्दांत असतें तितकेंच त्याच्या जागेंतही असतें. आम्हीं काय केलें? वर्ग भरला कीं फळ्याच्या डाव्या कोपऱ्यांत सुभाषित लिहिलें, मुलांकडून अन्वय लावून घेतला, समास सोडवून घेतले, पाठ करून घेतलें. धैर्याचें सुभाषित ज्या मुलास पाठ झालें त्यास धैर्याचा प्रसंग आला तो पंधरा वर्षांनीं; तोंपर्यंत शब्द राहिले असतील, नसतील. या खेळाच्या कर्त्यानें क्रम उलटा केला आहे. आधीं मुलगा दोन्ही जिने चढतो-उतरतो, चिडतो, कंटाळतो, मागें फिरतो. आणि मग पाटी लागते. पाटी कांहीं शिकवीत नाहीं. मुलाला जें नुकतेंच कळलें आहे त्याला ती फक्त नांव देते. जेवणाआधीं दिलेला विडा आणि जेवणानंतरचा विडा एकच, पण चव एक नव्हे.

आणखी एक गोष्ट. ज्या खोलींतून खेळ सुरू होतो तेथें भिंतीवर एक घड्याळ उलट चालतें. दीड तासापासून शून्याकडे. नातवानें पहिल्या दिवशीं त्या घड्याळाच्या धाकानें केवढी धांवपळ केली! घड्याळ शून्यावर आलें, आणि कांहींही झालें नाहीं. खेळ चालूच. आम्हीं छत्तीस वर्षें परीक्षेच्या शेवटल्या घंटेची वाट पाहणारे चेहरे पाहिले आहेत. शून्यावर आलेलें घड्याळ आणि शांतपणें पुढें चालणारा मुलगा, हें दृश्य आम्हीं प्रथमच पाहिलें.

येथपर्यंत लिहून लेखणी ठेवितां आली असती. पण मग हा लेख अर्धा खरा झाला असता. १९९३ सालची गोष्ट. गणिताचे शिक्षक दीर्घ रजेवर होते, म्हणून नववीची भूमिति काही महिने आमच्याकडे आली होती. समद्विभुज त्रिकोणाच्या पायाचे कोन समान असतात, हें प्रमेय तिमाहीच्या परीक्षेंत घातलें होतें. पुस्तकांतील सिद्धता सर्वांस ठाऊक आहे: शिरःकोण दुभागून रेघ काढावयाची आणि दोन त्रिकोण एकरूप दाखवावयाचे. एका मुलानें रेघच काढली नव्हती. त्यानें लिहिलें होतें कीं, कखग हा त्रिकोण आणि कगख हा त्रिकोण यांची तुलना करा. कख ही कग बरोबर, कग ही कख बरोबर, क हा कोन दोहोंत तोच. म्हणून त्रिकोण एकरूप, म्हणून ख आणि ग हे कोन समान. आम्हीं त्यास उभें करून विचारिलें, "अरे, हा तर एकच त्रिकोण. दुसरा कोठून आणलास?" तो म्हणाला, "सर, कागद उजेडाकडे धरून मागल्या बाजूनें बघा. तोच दुसरा." आम्हीं उत्तरपत्रिका वर्गापुढें उंच धरिली आणि म्हणालों, "या महाशयांनीं एका त्रिकोणाचे दोन केले आहेत; उद्यां एका रुपयाचे दोन करून दाखवतील." सारा वर्ग हंसला. आम्हींही हंसलों. पांचांपैकीं शून्य दिलें, आणि उलट बोलल्याबद्दल तास संपेपर्यंत बाकावर उभें केलें.

सेवानिवृत्तीनंतर गणिताच्या इतिहासाचें एक पुस्तक वाचीत असतां आमच्या ध्यानांत आलें कीं, त्या मुलानें दिलेली सिद्धता निर्दोष आहे. इतकेंच नव्हे, तर इसवी सनाच्या चौथ्या शतकांत अलेक्झांड्रियाच्या पॅपस नामक गणितज्ञानें ती दिली होती, आणि युक्लिडाचा टीकाकार प्रोक्लस यानें ती नोंदवून ठेविली आहे. पुस्तक मिटून आम्ही बराच वेळ बसलों होतों. तो मुलगा आतां सेहेचाळीस वर्षांचा गृहस्थ आहे, आणि योगायोग असा कीं, शीळफाट्याजवळच त्याचें फरशांचें दुकान आहे. दोन वर्षें आम्ही त्या दुकानावरून रोज सकाळीं फिरावयास जात होतों. तो उठून नमस्कार करी. आम्ही आशीर्वाद देत असूं. पण हा विषय आमच्या तोंडून निघाला नव्हता. वाट डोळ्यांपुढें होती, पाऊल उचलत नव्हतें.

कांचेच्या पेट्यांचें तें दालन नातवानें दाखविलें त्याच्या दुसऱ्या दिवशीं आम्ही दुकानाची पायरी चढलों. त्यानें खुर्ची दिली, मुलास चहा आणावयास पाठविलें. आम्हीं विचारिलें, "तुला नववींतला तो त्रिकोण आठवतो का?"

"कोणता त्रिकोण, सर?" त्यानें थोडा विचार केला. "नाहीं आठवत. एकदां सगळा वर्ग हंसला होता, तेवढें आठवतें."

आम्हीं त्यास सर्व सांगितलें. त्याच्याच पावतीपुस्तकाच्या पाठीवर त्रिकोण काढून दाखविला. पॅपसचें नांव सांगितलें. चूक आमची होती, हेंही सांगितलें. तो म्हणाला, "म्हणजे माझे मार्क किती झाले, सर?" आम्हीं म्हटलें, "पांचांपैकीं पांच." तो हंसला. परंतु तें हंसणें आम्हांस बरें वाटावें म्हणून होतें, हें समजण्याइतके आम्ही मास्तर आहों. गुण बत्तीस वर्षांनींही परत देतां येतात. हंसें परत घेतां येत नाहीं.

म्हणून वाचकांस आमचें सांगणें दोन प्रकारचें आहे. घरांतील मुलगा पडद्यापुढें बसला आहे एवढ्यावरून निवाडा करूं नये. पैसे लावून खेळण्याचे खेळ निराळे. त्यांस २०२५ च्या ऑगस्टमध्यें संसदेनें कायदा करून बंदी घातली, तें योग्यच झालें. पण सर्वच खेळ त्या जातीचे नव्हेत. आपल्या पुण्यांतील 'नॉडिंग हेड्स गेम्स' या संस्थेनें २०२० सालीं 'राजी' नांवाचा खेळ काढिला; त्यांतील मुलगी आपल्या धाकट्या भावास असुरांच्या हातून सोडविण्यास निघते. वापीजवळच्या चला येथील 'स्टुडिओ ओलिओमिंगस'चे खेळ तर आजच्या विषयाच्या अधिक जवळचे. त्यांच्या २०१८ सालच्या एका खेळांत पाहणारा एका विलक्षण संग्रहालयाच्या खोल्यांतून हिंडतो, आणि ओळखीच्या वस्तु तेथें अनोळखी रूपांत भेटतात. तेव्हां आधीं अर्धा तास मुलाच्या शेजारीं बसून पाहावें, मग बोलावें. त्याचबरोबर हेंही सांगितलें पाहिजे कीं, असल्या फिरत्या दृश्यांनीं कित्येकांस घेरी येते. आमच्या कुटुंबास पांच मिनिटांतच आली. खेळांतल्या घड्याळाला अर्थ नसला तरी भिंतीवरच्या घड्याळाला आहे. आमच्या घरीं आतां दिवसास एक तास ठरला असून त्यावर देखरेख आमची आहे.

दुसरें सांगणें अधिक कठीण, आणि तें आम्हां मास्तरांस व आईबापांस आहे. मुलगा चुकतो तेव्हां चूक दाखवावीच. परंतु ती दाखवितांना चारचौघांकडे पाहूं नये. आणि जें उत्तर आपल्या पुस्तकांत नाहीं, तें एकदां तरी कागद उलटा करून, उजेडाकडे धरून पाहावें.

त्या पहिल्या दुपारची गोष्ट सांगून पुरें करतों. आरंभींच्या खोलींत एक कांचेची भिंत आहे, आणि तिच्या पलीकडे बाहेर जाण्याचें दार पहिल्यापासून स्पष्ट दिसतें. मात्र तेथपर्यंत जातां येत नाहीं. नातवानें त्या दाराकडे बोट दाखवून विचारलें, "आजोबा, तेथें कसें जायचें असेल हो?" आम्हीं जें उत्तर दिलें तें वर्गांत छत्तीस वर्षांत एकदांही दिलें नव्हतें. संध्याकाळीं सूनबाईनें विचारलें, "बाबा, सांगितलेत का त्याला चार शब्द?" आम्हीं म्हटलें, "चार नाहीं सुचले, तीन सांगितले: आम्हांस ठाऊक नाहीं."